आधी बारीकशा जागी लावून बघा

मला हातावर टॅटू काढून घ्यायचाय, असं मी जाहीर केलं तेव्हा घरातून पहिला प्रश्न आला तो असा, की मग त्या दिवशी भांडी कोण घासणार. हा प्रश्न नवऱ्याचा. सासूबाईंनी विचारलं की पुढे कधी कंटाळा आला तर ते पुसता येतं का. आणि आमची भुंगी, म्हणजे तीन वर्षांची आमची लेक, दिवसभर गुणगुणत फिरते म्हणून भुंगी, तिने विचारलं की टॅटू गोड असतो का. तिघांपैकी एकालाही मी समाधानकारक उत्तर देऊ शकले नाही. तुला दुखेल का गं, हे मात्र कुणी विचारलं नाही, आणि मला काळजी होती ती तेवढ्याच एका गोष्टीची.

मी दुखण्याला घाबरते. लपवण्यात अर्थ नाही. रक्त तपासायला बोट टोचतात तेव्हा मी आधी खुर्चीचा हात धरते आणि मग नर्सचा. पण एकदा मूल झालं की बाईला भिण्याचा अधिकार राहत नाही, असा काहीतरी अलिखित नियम दिसतो. मी 'सुई' म्हटलं रे म्हटलं की समोरचा माणूस भुंगीकडे बोट दाखवतो. एवढं मोठं सोसलंस, आता टोचण्याला काय भितेस? जणू त्या दिवशी मी सोसण्यात पदवी घेतली आणि आता जन्मभर ती चौकट करून भिंतीवर लावायची. अहो, तिथे दुसरा इलाज नव्हता म्हणून सोसलं. मधूनच उठून 'आज राहू दे, पुढच्या आठवड्यात येते' म्हणायची सोय असती, तर मी पहिल्या कळेलाच चपला शोधल्या असत्या.

मग हे खूळ कशासाठी? तर स्वयंपाकघरात, फ्रिजच्या शेजारच्या भिंतीवर, मोठ्या माणसाच्या गुडघ्याच्या उंचीला, भुंगीने निळ्या खडूने माझं चित्र काढलं होतं. तिने काढलेलं पहिलं माणूस. तोवर ती नुसत्या रेघा मारायची आणि त्यांना गाडी, साप, बाबा अशी त्या वेळी सुचतील ती नावं द्यायची. हे मात्र खरं चित्र होतं. एक बटाटा. बटाट्यात दोन ठिपके. बटाट्याखालून थेट निघालेले दोन पाय, आणि कडेने निघालेला एकच हात, हा एवढा लांबलचक, फ्रिजच्या मागे जाऊन दिसेनासा होणारा. "आई," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी भिंत घाण केली म्हणून ओरडायला तोंड उघडलं होतं. ते तसंच उघडं ठेवून मी फरशीवर बसले.

आणि मग घरमालकांचा निरोप आला की सोमवारी रंगारी येतोय, आतून सगळं घर पांढरं होणार. मी फोन करून विचारलं, तेवढा एक तुकडा सोडता येईल का. घरमालक फार काळजीच्या सुरात म्हणाले, "का हो ताई, ओल आलीय का तिथे?"

फोटो काढून ठेव की, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. फोटो काढलाच होता. पण भुंगीचे फोटो माझ्या फोनमध्ये इतके आहेत की त्यात एखादा सापडणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई सापडण्यासारखं, आणि सुईचं माझं आधीच वाकडं. शिवाय फोटो काढणं म्हणजे वस्तू नीट ठेवली असं स्वतःला सांगून ती हरवणं. मला ते चित्र रोज दिसायला हवं होतं, भांडी घासताना, दळण आणताना, आणि अशा जागी, जिथे कुठलाही घरमालक रंग लावायला येणार नाही. डाव्या हाताची आतली बाजू, मनगटाच्या जरा वर. आणि भिंत पांढरी व्हायच्या आत. हात भिंतीशेजारी धरून दोन्ही चित्रं एकदा एकत्र बघायची होती मला. बस्स, एवढीच माझी मागणी होती. राज्य मागितलं नव्हतं.

टॅटूवाली मुलगी निघाली मानेपासून नखांपर्यंत चित्रांची, पण आवाज थेट मुख्याध्यापिकेचा. तिने मला समोर बसवून उलटतपासणी घेतली. दिवस गेलेत का, दूध पाजताय का, रक्त पातळ करायची गोळी घेता का, कशाची ॲलर्जी आहे का. येताना जेवून यायचं, झोप पुरी करून यायचं. झोपेचं ऐकून मला हसू आलं. ते तिला आवडलं नाही. मग मी भीत भीत विचारलं, दुखतं का हो? त्यावर ती सहज म्हणाली, क्रीम लावून या हवं तर, बधिर करणारं मिळतं.

बधिर करणारं. माझे डोळे भरून आले. इतकी वर्षं हे जगात होतं आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. पण तिच्या अटी होत्या. डॉक्टरांना विचारून लावायचं, आणि कुठलं लावलं ते तिला सांगायचं. लोक चोरून लावून येतात, मग कातडी रबरासारखी लागते आणि रेघ बिघडली की नाव तिचं. आणि मध्येच उतरलं तर पुन्हा लावायचं नाही, सुई लागलेल्या उघड्या कातडीवर ते चालत नाही. मी सगळ्याला मान डोलावली. मग मी भिंतीवरून गिरवून आणलेला कागद तिने उजेडात धरला.

"हात कुठे संपवायचा?"

हा विचार मी केलाच नव्हता. कागदावरचा हात फ्रिज आडवा आला तिथे थांबला होता. मी म्हटलं, दिसतो तिथपर्यंत. तिने शनिवारची वेळ दिली.

घरी येऊन मी क्रीमची बातमी दिली, आणि ती जिन्यातून वर गेली. आमच्या घरातली कुठलीही बातमी पायांनी वर जाते आणि वरच्या काकूंच्या रूपाने खाली येते. काकूंच्या भाच्याने म्हणे अख्खी पाठ गोंदवलेली आहे. त्यामुळे पाठ भाच्याची आणि अधिकार काकूंचा. त्यांनी आमच्या कोचावर बसून पद्धत सांगितली: क्रीम पावावर लोणी लावतात तसं जाड थापायचं, वरून डब्याला लावतो ते पातळ प्लास्टिक घट्ट गुंडाळायचं, आणि विसरून जायचं. "जितकं जाड तितकं गार," काकू म्हणाल्या. "माझा भाचा तर घोरत होता." सासूबाई शेजारी वाटाणे सोलत बसल्या होत्या. त्यांचं बोलण्याकडे लक्ष आहे असं मला अजिबात वाटलं नाही. ही माझी पहिली चूक.

औषधाच्या दुकानात माझ्या मागे रांग होती. मी पुढे वाकून, फक्त दुकानदाराला ऐकू जाईल अशा बेताने, बधिर करायचं क्रीम मागितलं. कुठे लावायचंय, त्याने विचारलं. मी म्हटलं, हातावर. कशासाठी? मी आणखी वाकून म्हटलं, टॅटूसाठी. "टॅटूसाठी होय," तो रांगेतल्या शेवटच्या माणसाला कळावं अशा आवाजात म्हणाला, आणि रांगेने मला पायांपासून पिशवीतून डोकावणाऱ्या भुंगीच्या बाहुलीपर्यंत नीट पाहून घेतलं. चिठ्ठीशिवाय देणार नाही, असा त्याचा निकाल. आणि फोनवरून मागवू नका हो ताई, त्या ट्यूबवर आत काय आहे ते धड लिहिलेलं नसतं, लोक काहीही फासतात.

म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात. तिथे डॉक्टरीणबाईंच्या आधी खिडकीतल्या बाईंना ओलांडावं लागतं, आणि त्या सहजी ओलांडू देत नाहीत.

"काय होतंय?"

"काही होत नाही."

"मग?"

"होणार आहे. शनिवारी."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मग मला सगळं सांगावं लागलं, बटाट्यासकट. समोरच्या बाकावरच्या एका आजोबांनी खोकायचं थांबवलं. ऐकून झाल्यावर खिडकीतल्या बाईंनी 'तातडीचं नाही' असा शेरा मोठ्याने मारला आणि मला सगळ्यांच्या शेवटी बसवलं. तापाने फणफणलेली मुलं आत गेली, खोकणारे आजोबा गेले, पट्टी बदलायला आलेला एक जण गेला, आणि मी, अजून न झालेल्या दुखण्याची रोगी, भिंतीवरचं दातांचं चित्र पाठ करत बसले.

डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत, आणि मला तेवढ्यानेच रडू आलं. त्यांनी माझं हृदय, माझ्या गोळ्या, माझी ॲलर्जी सगळं विचारून घेतलं. मग एकेक बोट दुमडत सांगितलं. आधी बारीकशा जागी लावून बघायचं, दुसऱ्या दिवसापर्यंत पुरळ, आग, सूज काही आलं नाही तर पुढे. लावायचं ते फक्त टॅटूच्या जागी, त्याच्या बाहेर नाही. लावल्यावर हात धुवायचे. चिठ्ठीवर लिहिलाय तेवढाच वेळ ठेवायचं, मग पुसून साबणाने धुवायचं. खरचटलेल्या जागी नाही. वरून प्लास्टिक गुंडाळायचं नाही. आणि लेकरापासून दूर.

मी विचारलं, प्लास्टिकने काय होतं? कारण मला काकूंचा भाचा आठवत होता.

"मोठ्या जागी फासलं आणि वरून कोंडलं की ते कातडीवर थांबत नाही, रक्तात जातं," त्या म्हणाल्या. "जीभ जड होते, कानात घंटी वाजते, गरगरतं. मग हृदयापर्यंत गोष्ट जाते. तसं काही झालं तर फोन करत बसू नका, सरळ इकडे या."

मी घरी येताना ते सगळं पाठ म्हणत आले. जीभ, कान, गरगर. जीभ, कान, गरगर. शाळेत एखादी कविता मी इतक्या भक्तीने पाठ केली असती तर आज कुठल्या कुठे असते.

कोपराच्या आतल्या बाजूला मी वाटाण्याएवढं क्रीम लावलं आणि घरात त्या ठिपक्याचं दर्शन सुरू झालं. नवरा ऑफिसला जाताना बघून गेला. काकू वरून उतरल्या, बघून 'अगदीच कमी लावलंस' म्हणाल्या. सासूबाईंना तर हसू आवरेना. आमच्या वेळी औषध म्हणजे औषध, त्या म्हणाल्या, लावायचं आणि मोकळं व्हायचं. औषधाची परीक्षा कसली घ्यायची, औषध काय नवीन जावई आहे? इथे मला सासूबाईंची एक गोष्ट सांगायला हवी. त्यांच्या मते घरात आलेलं औषध एकाचं नसतं. माझं खोकल्याचं औषध त्या चवीने घेतात. नवऱ्याच्या पाठीचा मलम त्यांच्या खांद्याला चालतो. भुंगीच्या पुरळाची पावडर त्यांनी एकदा माझ्या बुटात टाकली होती, आणि गुण आला होता, ही सगळ्यात वाईट गोष्ट. उरलेलं औषध टाकणं म्हणजे अन्नाचा अपमान, असं त्या मानतात, आणि औषध हे अन्न नाही हे त्यांना सांगायला अजून कुणी धजलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ठिपक्याच्या जागी काही नव्हतं. मी पास झाले. मग प्रश्न आला ट्यूब ठेवायची कुठे. भुंगी खुर्चीवर चढते, खुर्चीवरून ओट्यावर जाते, तिला दोन मिनिटं दिली तर पंख्यावरही सापडेल. मी आणि नवऱ्याने डोकं लढवून ट्यूब कपाटाच्या अगदी वरच्या फळीवर, आत, चादरींच्या मागे ठेवली. मला तिथे स्टुलावर चढून पोचावं लागतं. भुंगी जन्मात पोचणार नव्हती. घरातल्या एकाच माणसाचा हात तिथे सहज पोचतो आणि चादरीही तेच माणूस काढतं, हे आमच्या लक्षात आलं नाही. उंचीने आमच्या सासूबाई घरात पहिल्या. ही दुसरी चूक.

शनिवारी सकाळी मी चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे क्रीम लावलं, हात धुतले, आणि डावा हात ताटासारखा पुढे धरून पलंगावर बसले. भुंगीला तिच्या वीतभर उंचीवरून दिसलं की आई रिकामी बसलीय. असं तिने जन्मात पाहिलं नव्हतं. ती धावत आली, आणि आली ती थेट त्या हाताकडे. कारण तो तिचाच हात आहे. उजव्या हाताने मी कामं करते, डावा तिला दिलेला आहे. झोपताना त्यावर गाल ठेवते, रडताना त्याला नाक पुसते, आणि कंटाळा आला की त्याच जागेचा, मनगटाच्या जरा वरच्या, पटापट मुका घेते. आज त्याच जागी विषाची परीक्षा होती.

मी हात वर केला. भुंगी पलंगावर चढली. मी उभी राहिले. ती पलंगावर उभी राहिली. मी हात डोक्यावर धरून खोलीभर फिरू लागले आणि ती मागून, आधी गुणगुणत, मग विनवत, मग गळा काढून. "हात दे ना गं." दुसरा घे, दुसरा घे, मी म्हणत होते. ती दुसऱ्या हाताकडे बघायला तयार नव्हती. जगात इतकी माणसं हात मागायला येतात आणि आपण टाळतो. कधी काही वाटत नाही. त्या दिवशी मला वाटलं, पुसून टाकावं सगळं आणि जाऊ द्यावा टॅटू चुलीत.

सासूबाईंनी वाचवलं. "तू बस गं निवांत," म्हणत त्यांनी भुंगीला उचललं आणि कडेवर घेऊन गॅलरीत गेल्या. त्यांचे गुडघे किती दुखतात ते मला माहीत होतं. त्या गॅलरीत फेऱ्या मारत होत्या, जिना उतरून मांजर दाखवायला गेल्या, परत चढून आल्या. माझी वेळ भरेपर्यंत त्यांनी तिला खाली ठेवलं नाही. मी निघताना त्या जिन्याशी गुडघे चोळत उभ्या होत्या. मी म्हटलं, आई, दुखतंय का? त्या म्हणाल्या, छे, जा तू, आज तुझा दिवस आहे.

ते वाक्य मला अजून टोचतं, सुईपेक्षा जास्त.

टॅटूच्या दुकानात नवरा मला धीर द्यायला आला होता. सुई पाहून त्याचाच रंग उडाला आणि त्याला बाहेरच्या बाकावर पंख्याखाली निजवावं लागलं. मी मात्र, काय सांगू, राणीसारखी बसले होते. टॅटूवालीने क्रीम गेलंय ना ते पाहिलं, हात पुन्हा पुसला, मशीन गुरगुरू लागलं, आणि मला फक्त कुणीतरी बोटाने काहीतरी गिरवतंय असं लागत होतं. बटाटा झाला. ठिपके झाले. एक पाय झाला. माझ्या कातडीवर भुंगीच्या हाताची तीच रेघ, तीच थरथर, सुरुवातीची गाठसुद्धा, उमटत होती. मी आयुष्यात पहिल्यांदा न भिता सुई टोचून घेत होते. दुसरा पाय सुरू झाला तेवढ्यात फोन आला.

वरच्या काकू होत्या. त्यांचा सूर नेहमीचा नव्हता. तुझ्या सासूबाई विचित्र बोलतायत गं, म्हणाल्या, जीभ जाड झाल्यासारखी, आणि म्हणतात कानात घंटी वाजतेय, मी सांगतेय की दाराची नाही तरी उठून दार उघडायला जातायत आणि तोल जातोय.

जीभ, कान, गरगर.

मला कळलं. कसं ते सांगता येत नाही, पण त्या वरच्या फळीवरच्या चादरी, त्या सोललेल्या वाटाण्यांचं पातेलं, जिन्याशी चोळलेले गुडघे, सगळं एका रेघेत आलं. मी म्हटलं, काकू, त्यांना फोन द्या. मग म्हटलं, "आई, गुडघ्यांना काय लावलंय?"



"थोडंसंच," सासूबाई म्हणाल्या, आणि ते 'थोडंसंच' त्यांच्या तोंडातून नीट निघेना.

"प्लास्टिक गुंडाळलंय?"

"मांडीपर्यंत. काकू म्हणाल्या होत्या ना."

मी काकूंना सांगितलं, प्लास्टिक काढा, क्रीम पुसा, साबणाने धुवा, आणि कुणालाही घेऊन त्यांना आत्ताच्या आत्ता कोपऱ्यावरच्या दवाखान्यात न्या. मग आठवलं. भुंगी? भुंगी कुठे आहे? मांडीवर बसली होती का? काकू म्हणाल्या, बसली होती की, घसरगुंडी खेळत होती, प्लास्टिकवरून मस्त घसरत होती. म्हणजे ज्या प्लास्टिकने सासूबाईंना संकटात घातलं त्यानेच माझी लेक वाचवली होती. आभार कुणाचे मानावे ते मला आजही ठरवता आलेलं नाही. तिचेही हात, तोंड, पाय सगळं धुवा, मी म्हटलं, आणि तिलाही घेऊन या.

मी उठले. टॅटूवाली म्हणाली, एक पाय राहिलाय अर्धा, आणि हात तर सगळाच. मी म्हटलं, असू दे. तिने एका शब्दाने अडवलं नाही. जागा साफ केली, पट्टी लावली. बाहेर नवरा पंख्याखाली डोळे मिटून पडला होता. मी त्याला हलवून सांगितलं की त्याच्या आईने काय केलंय. तो उठून बसला, पुन्हा आडवा झाला, आणि मग एकदम धावत सुटला. इतक्या वेगाने धावताना मी त्याला लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

दवाखान्यात खिडकीतल्या बाईंनी मला ओळखलं. "ते बटाट्याचंच का?" त्यांनी विचारलं, आणि भरल्या बाकांसमोर मी मान डोलावली. पण या वेळी आम्हाला सगळ्यांच्या आधी आत सोडलं होतं.

सासूबाई खाटेवर, छातीला वायरी, बोटाला चिमटा. भुंगीला तपासून झालं होतं, ती ठणठणीत होती आणि स्टेथोस्कोप मागत होती. डॉक्टरीणबाईंनी आमच्याकडे पाहिलं तेव्हा मी सगळी शिक्षा एकदम भोगायला तयार होते. त्यांनी विचारलं, किती लावलं होतं? सासूबाईंनी जड जिभेने सांगितलं की ट्यूब वाया जाऊ नये म्हणून संपवली. डॉक्टरीणबाईंनी मॉनिटरवर नजर टाकली. मग म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत इथेच, माझ्या नजरेसमोर. ठोके जरा इकडे तिकडे झाले तर मोठ्या दवाखान्यात.

तो दिवस मला फार मोठा गेला. मॉनिटरवरची रेघ वर जायची, खाली यायची, आणि प्रत्येक वेळी ती वर येईपर्यंत मी श्वास धरून बसायचे. भुंगी माझ्या उजव्या मांडीवर झोपून गेली. डाव्या हातातलं क्रीम हळूहळू उतरलं आणि मग ते दुखणं आलं, ज्याला मी इतकी घाबरत होते. भाजल्यासारखं, पट्टीखाली चरचरत. गंमत म्हणजे तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. निदान काहीतरी दुखायलाच हवं होतं.

दुपार कलल्यावर सासूबाईंनी डोळे उघडले. जीभ सुटली होती. त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं आता काहीतरी गंभीर बोलणार, दागिने कुठे ठेवलेत वगैरे.

"पण गुडघे काय छान वाटत होते गं," त्या म्हणाल्या. "तिला घेऊन पुन्हा एकदा मांजर दाखवून आले. जिना कळलाच नाही."

मग तोंड पलीकडे फिरवून म्हणाल्या, "तुझा हात पुरा झाला का?" मी म्हटलं, झाला, आई. त्या निजल्या. हे खोटं मी अगदी स्वच्छ मनाने बोलले.

संध्याकाळी आम्हाला सोडलं. घरी येऊन मी फ्रिजशेजारी बसले आणि पट्टीतला हात भिंतीच्या चित्राशेजारी धरला. पट्टीच्या आत दीड पायाचा बटाटा होता. ज्या क्षणासाठी एवढा खटाटोप केला तो असा झाला. एकीकडे भिंत आणि दुसरीकडे कापूस.

सोमवारी रंगारी आला. त्याने फ्रिज ओढला आणि तो हात पुढे कुठे जात होता ते पहिल्यांदा दिसलं. तो कुठेच थांबत नव्हता. फ्रिजच्या मागच्या फटीत, जिथे फक्त भुंगीच मावते, तिथून आडवा, थोडा वाकडा, कोळ्याच्या जाळ्याला वळसा घालून थेट कोपऱ्यापर्यंत गेला होता, आणि भिंत संपली म्हणून नाइलाजाने थांबला होता. पंजा नाही, बोटं नाहीत. मी फोन आणायला उठले. परत आले तोवर ब्रश फिरला होता. रंगारी चांगला कामसू होता, त्याला काय दोष द्यायचा.

टॅटूवालीचा मध्ये फोन येऊन गेला. जागा भरली की या, राहिलेलं पुरं करू. क्रीम लावून चालेल, तिने मुद्दाम सांगितलं. पण क्रीमचं नाव काढलं की आमच्या घरात तीन माणसं एकमेकांकडे बघत नाहीत, आणि क्रीमशिवाय जायची माझी छाती नाही. काकू त्या दिवसापासून सल्ला देण्याआधी 'मला काही कळत नाही पण' असं म्हणतात, आणि मग देतातच.

खपली धरली, पडली, जागा भरून आली. भुंगी रोज तपासायची. आज सकाळी मी ओट्याशी हात पुसत होते तेव्हा तिने मनगट धरून खाली ओढलं आणि बराच वेळ बटाट्याकडे पाहिलं.

"आईला हात नाही."

मी म्हटलं, राहून गेला बाळा. ती गेली आणि निळं स्केचपेन घेऊन आली. राहिलेल्या पायाकडे तिने पाहिलंही नाही. बटाट्याच्या कडेपासून तिने रेघ सुरू केली, मनगटावरून खाली, माझ्या तळव्यावरून, करंगळीपर्यंत. तिथे मी संपले. ती थांबली नाही. तिने आपला हात माझ्या करंगळीला चिकटवला आणि रेघ तशीच पुढे नेली, स्वतःच्या बोटावरून, मनगटावरून, कोपरापर्यंत, गुणगुणत. मी हलले नाही. नळ तसाच वाहत होता.

सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. मग त्या आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि गुडघा पुढे केला. मलाही काढ गं, म्हणाल्या. भुंगी आनंदाने पेन घेऊन धावली. पेन टेकणार एवढ्यात सासूबाईंनी तिचा हात धरला आणि माझ्याकडे न बघता, फार गंभीरपणे तिला म्हणाल्या,

"थांब. आधी बारीकशा जागी काढून बघ. काही झालं नाही, तर मग उद्या पुढचं."